'स्किन', 'गव्हाळ', 'सावळा': पात्राच्या रंगाला म्हणायचं काय?

प्रश्न
मी गोरेगावला ॲनिमेशनमध्ये रंगकाम बघते. मुलांच्या मालिकेसाठी चाळीतली सहा पात्रं ठरली. टिपणात लिहून आलं : 'एक गोरीपान, एक काळी, बाकी नॉर्मल.' त्या चार 'नॉर्मल' मुलांना खडूच्या पेटीतला 'स्किन' लागला! तसल्या पिवळट गुलाबी अंगाचं आमच्या मजल्यावर एकही माणूस नाही. अमेरिकेत क्रेयोला या खडूच्या कंपनीने 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्येच काढून 'पीच' केलं. आपण अजून 'स्किन कलर दे ना' म्हणतो. टिपणात कोणते शब्द लिहू?

प्रतिसाद
'गव्हाळ' लिहा की.

प्रतिसाद
मला 'गव्हाळ' नको वाटतो. स्थळांच्या जाहिरातींत तो 'निमगोरी'च्या शेजारी बसतो, आणि तिथे माप गोरेपणाचंच असतं. खरी गोम जोडशब्दांत आहे. गोरापान, गोरागोमटा म्हणताना लाड असतो. काळाकुट्ट, काळाकभिन्न म्हटलं की राक्षस उभा राहतो. 'काळेभोर' कौतुकाचा, पण केसांपुरता आणि डोळ्यांपुरता. काळाभोर मुलगा असं कुणी म्हणत नाही. टिपणात 'काळी' वाचून चित्रकाराचा हात भुवया जाड करतो, तो याच सवयीने. 'सावळा' मात्र 'श्यामल'वरून आला आणि विठोबाने त्यात माया भरली. तो नि:शंक वापरा.

प्रतिसाद
ताई, ती 'काळी' लिहिलेली मुलगी कुठली?

प्रश्नकर्ती
मुरूडची, सिद्दी. वरिष्ठ म्हणतात 'आफ्रिकन' लिही.

प्रतिसाद
'सिद्दी'च लिहा. पूर्वज आफ्रिकेतून आले हे खरं, पण जंजिऱ्यावर सिद्दी नवाबांचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. पोर कोकणातलीच. जुन्या कागदांत 'हबशी' आणि जंजिऱ्याच्या मुलखाला 'हबसाण' म्हटलेलं सापडेल. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. इतिहासात तो शब्द ठीक, आज तोंडावर म्हटला तर लागतो. टिपणात 'वांशिक विविधता' लिहायचं असेल, तर तेही तिच्यामुळेच लागू पडतं. बाकी पाच जणांत फरक आहे तो छटांचा, वंशाचा नाही. 'वर्ण' म्हणाल तर लोकांना चातुर्वर्ण्य आठवेल. सरळ 'अंगाचा रंग' म्हणा.

प्रश्नकर्ती
पटलं. 'नॉर्मल' आणि 'स्किन' दोन्ही खोडले. ऑफिसातल्या सगळ्यांचे हात खिडकीच्या उजेडात ठेवून फोटो काढले, त्यांतून छटा उचलल्या आणि प्रत्येक छटेला पात्राचंच नाव दिलं. तेव्हा लक्षात आलं, सिद्दी मुलीचे तळहात आम्ही अंगाच्याच रंगाने भरले होते. ते आता फिके केलेत.