ऑनलाइन असूनही एजंट का? आळस म्हणू नका

कोथरूडकर : वारजेकर काल इथे म्हणाले, "सरकारी कागदपत्रांचं सगळं घरबसल्या होतं, तरी लोक एजंटकडे पळतात. निव्वळ आळस." राहवत नाही म्हणून लिहितेय. आई 78 वर्षांची. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बाबांचा. ते गेले आणि नंबर बंद पडला. आता ओटीपी येणार कुठे? नंबर बदलायला केंद्रावर गेलो, तर अंगठा उमटेना. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने पाच वेळा पुसला. आई म्हणाली, "भांडी घासून रेघाच गेल्या गं." हा आळस?

वारजेकर : आईंचं वाईट वाटलं. पण गावी मुळशीत सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत माझ्या वडिलांचं आयुष्य गेलंय. मी डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत रात्री अकराला काढतो. ते विसरायचं?

धायरीचा शेतकरी : निघतो हो, चालतो का? कर्जाला तोच उतारा नेला. साहेब म्हणाले, "सही-शिक्क्याचा आणा."

वारजेकर : मग दोष त्या साहेबांचा. कायद्याने तो ग्राह्य आहे.

धायरीचा शेतकरी : पेरणी तोंडावर आली होती. दोष कुणाचा हे ठरवत बसू? शिवाय सातबाऱ्यावर आजोबांचं नाव 'विठोबा', दाखल्यावर 'विठ्ठल'.

हडपसरची ताई : नावाचं तर बोलूच नका! लग्नानंतरचं आडनाव पॅनवर एक, आधारवर दुसरं. एक दुरुस्त करायला दुसऱ्याचा पुरावा मागतात. वर्ष गेलं माझं.

कोथरूडकर : आमच्याकडेही तेच. आईचं माहेरचं नाव अजून एका कागदावर आहे.

निवृत्त लिपिक : नावांवरच किती वेळ? 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे. मुदत टळली की अपील करा. पोचपावती जपून ठेवा.

धायरीचा शेतकरी : अपील करायचं आणि पुढच्या कामाला त्याच टेबलासमोर उभं राहायचं? तुम्ही खुर्चीच्या पलीकडे होतात, काका.

निवृत्त लिपिक : तीस वर्षं लोकांचीच कामं केली. असं बोलू नका.

वारजेकर : 'आळस' हा शब्द मागे घेतो. एजंटचं समर्थन मात्र करणार नाही. कोथरूडकर, आईंचा नंबर शेवटी जोडला गेला का?

कोथरूडकर : नाही. सोमवारी पुन्हा बोलावलंय. रिक्षाने नेईन.