चर्चा: भीती वाटली म्हणजे मरायचंच नव्हतं का?

मुक्तछंद:
आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'खरंच मरायचं असतं तर बोलला नसता.' मला ते चुकीचं तर वाटतंच, घातकही वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी हे वारंवार मांडलं की अशा माणसाच्या मनात यातना थांबाव्यात ही इच्छा आणि कुणीतरी वाचवावं ही आस एकाच वेळी असते. दोन्ही खऱ्या. 'आता नको हे सगळं' म्हणणारा माणूस त्याच रात्री फोन चार्जिंगला लावतो, पुढच्या आठवड्याची डॉक्टरांची वेळ घेतो. याला नाटक म्हणू नका.

रोखठोक:
असहमत. दोन्ही खरं मानलं तर घरच्यांनी करायचं काय? आमच्या नात्यातला एक जण अधूनमधून असं बोलतो. सगळे हातातली कामं टाकून धावतात. प्रत्येक वेळी तो स्वतःच घाबरून थांबलेला असतो. इतकी भीती वाटते म्हणजे निर्धार नाही, हे मान्य का करायचं नाही?

मुक्तछंद:
कारण भीती मनाला विचारून येत नाही. छाती धडधडते, हात थरथरतात, अंग मागे सरतं. शरीर आपलं काम करत असतं. त्यावरून मनातली वेदना किती खोल आहे हे मोजता येत नाही.

उंबरठा:
माझा आक्षेप दोघांनाही आहे. जगण्याची ओढ प्रत्येक वेळी वाचवेलच या भरवशावर राहू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मरणाची इच्छा वेगळी आणि ती कृतीत आणण्याची क्षमता वेगळी. वेदनेची, भीतीची सवय होत जाते आणि ही क्षमता वाढते. रोखठोक, आजवर थांबलेला माणूस उद्याही थांबेल याची खात्री नाही. आधी प्रयत्न झालेला असेल तर धोका वाढलेला असतो.

पुन्हा_एकदा:
मी यातून गेले आहे. भीती वाटते म्हणजे आपण ढोंगी, असं मला वाटायचं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. रोखठोक, तुमच्यासारखी वाक्यं तेव्हा मी स्वतःलाच ऐकवत होते. पण 'तुला आतून जगायचंच आहे' असं कुणी म्हटलं की चीडही यायची. शेवटी मैत्रिणीने सरळ विचारलं, 'आत्महत्येचे विचार येतात का?' मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, 'आणि थांबवतं काय?' बराच वेळ मला काही सुचेना. मग भाचीचं नाव निघालं. तिने सल्ला दिला नाही, त्या रात्री माझ्याकडेच राहिली आणि सकाळी डॉक्टरांकडे घेऊन गेली.

रोखठोक:
तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण असं तोंडावर विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येणार नाही?

उंबरठा:
नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की विचारल्याने विचार रुजत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. अशा विचारांची तीव्र लाट बहुधा ओसरते. तोवर त्याला एकटं सोडायचं नाही आणि इजा होईल असं काही हाताशी ठेवायचं नाही. अमेरिकेत १९३७ ते १९७१ या काळात आत्महत्येच्या प्रयत्नात ऐनवेळी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग संशोधक रिचर्ड सायडन यांनी काढला. १९७८ च्या त्या अभ्यासात जवळपास ९४ टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. 'अडवून काय उपयोग, पुन्हा करणारच' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

रोखठोक:
हे माहीत नव्हतं. तरी धावणाऱ्यांच्या दमछाकीबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही.

मुक्तछंद:
खरंय, ते राहिलं. सगळा भार एका घरावर नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, घरच्यांनीही तिथे बोलावं. आणि तुमचा तो नातलग बरा असेल त्या दिवशी त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा: त्रास वाढायला लागल्याचं त्याला कशावरून कळतं, तेव्हा काय केल्याने थोडं हलकं वाटतं, आधी कुणाला फोन करायचा, ते नसतील तर कुणाला. नावं त्यालाच सुचवू द्या. कागदाची एक प्रत तुमच्याकडेही असू द्या.