प्रति: किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'
दादा, गाडी चालू होत नाही पण टक् आवाज येतोय म्हणजे सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) करंट पोचतोय. स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) लगेच उघडायला घेऊ नका. वरच्या उत्तरांत सगळे बॅटरी बदला म्हणतायत, पण तुमची १२.६ व्होल्ट दाखवतेय ना? आता किल्ली फिरवताना मोजा. ९.६च्या खाली आली तर पहिला संशय बॅटरीवरच. नाही तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची गाडीच्या बॉडीशी जोडणी, बघा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी स्टार्टरच्या बॉडीला लावून किल्ली फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची केबल नाही तर तिचा नट खराब. तुमच्या गोव्यातल्या मोरजीला समुद्राचा खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. वरून धड दिसणारी केबल आतून हिरवी पडलेली असते. नटाखालचा चासीवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) रंग खरवडून नट आवळा, वरून ग्रीस. आणि हो, गियर न्यूट्रलला ठेवूनच!