मदत हवी आहे: समोरच्या दाताचं बाँडिंग दोनदा निघालं, आता कॅपच का?

टवका
वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा तुटलाय, साधारण ३ मिमी. नस उघडी पडलेली नाही, एक्स-रेमध्ये मुळाशी काही नाही. पहिलं बाँडिंग (दाताच्या रंगाचं मटेरिअल चिकटवून कोपरा भरणं) ४ महिन्यांत निघालं, दुसरं ५ आठवड्यांत. दोन्ही वेळा तुकडा अख्खाच्या अख्खा हातात आला. आता कॅप सुचवली आहे. तिसऱ्यांदा बाँडिंग करण्यात अर्थ आहे का?

दंतकथा
अख्खा निघाला म्हणजे मटेरिअल तुटलं नाही, ते धड चिकटलंच नव्हतं. ब्रँड बदलून काही होणार नाही. तुकडा ठेवला असेल तर त्याची आतली बाजू उजेडात बघा. गुळगुळीत, चकचकीत असेल तर संशय एचिंगवर (चिकटवण्याआधी ॲसिडने दात खडबडीत करणं) किंवा थुंकीवर.

३७ टक्के फॉस्फरिक ॲसिडची जेल इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, १५ ते ३० सेकंद ठेवतात, आतल्या पिवळसर डेंटिनवर १५ च्या वर नाही. धुऊन वाळवल्यावर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पुन्हा एचिंग. ॲसिडने पडलेल्या बारीक खड्ड्यांत बाँड (चिकटवणारा पातळ द्रव) शिरतो आणि लाइटने तिथेच घट्ट होतो, पकड ती एवढीच. मध्येच थुंकी लागली की खड्डे बुजले. म्हणून रबर डॅम (थुंकी लांब ठेवणारा, दाताभोवतीचा रबरी पडदा) लावून घ्या. नुसत्या कापसाच्या बोळ्यांवर भागतं कधीकधी, पण दोनदा निघालेल्या दाताला तो जुगार नको. डेंटिन मात्र खडखडीत वाळवायचं नाही, किंचित ओलसर हवं.

बाँड १५-२० सेकंद घासून लावायचा, हवेने पातळ करायचा, मग लाइट. कॉम्पोझिटचा, म्हणजे भरायच्या मटेरिअलचा, थर २ मिमीच्या आत, प्रत्येक थराला सहसा २० सेकंद, शेवटी टाळूच्या बाजूनेही. एकदम जाड गोळा बसवला तर वरून दगड, आत कच्चा. तुटलेल्या कडेला बाहेरून १-२ मिमी तिरकी घासणी दिली होती का, तेही विचारा. पकडीला जागा मिळते आणि जोडही दिसत नाही.

खडीसाखर
चाव्याचं कोणी बोललंच नाही. नुसतं ‘दात मिटा’ म्हणून चाव्याची खूण उठवणारा निळा कागद लावणं पुरत नाही. खालचा जबडा पुढे सरकवून कडेला कड लावायची, मग डावी-उजवीकडे घासायचं. नव्या कोपऱ्यावर एकटाच गडद ठिपका उठला तर तिथेच भार येतोय. तेवढं घासून उतरवायचं. पहाटे जबडा दुखत असेल तर रात्री दात खाता का हे आधी तपासा, नाइट गार्ड लागेल.

टवका
जबडा दुखत नाही. रबर डॅम दोन्ही वेळा नव्हता. आणि दुसऱ्या बाँडिंगच्या ४ दिवस आधी ब्लीचिंग (दात पांढरे करणं) झालं होतं, त्याने फरक पडतो?

दंतकथा
पडतो म्हणजे काय! ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती. ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन उरतो आणि तो बाँडला नीट घट्ट होऊ देत नाही. निदान २ आठवडे थांबतात. रंगही तोवर स्थिरावतो, नाहीतर आज जुळलेली शेड महिन्याभराने वेगळी दिसते. शेड बघायची ती दात ओला असताना, सगळ्यात आधी. वाळलेला दात जास्त पांढरा दिसतो.

खडीसाखर
मग कॅपची घाई नको. तिच्यासाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो, बऱ्याचदा १ ते दीड मिमी, आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. ३ मिमीच्या कोपऱ्यासाठी महाग सौदा. चावा ठीक असेल तर तिसरं बाँडिंग करा, रबर डॅम लावणाऱ्याकडे. करण्याआधी नस जिवंत आहे ना, हे थंड लावून परत बघायला सांगा. मार बसलेल्या दाताची नस काही महिन्यांनीही मरते, तेव्हा दात करडा पडतो.

टवका
तुकडा डबीत आहे. आतून आरशासारखा गुळगुळीत. जाताना घेऊन जातो.