प्रतिसाद: एफयूई, व्रण आणि मागच्या केसांचा साठा
केशरोपणाच्या (डोक्याच्या मागचे केस काढून टकलावर लावण्याच्या शस्त्रक्रियेच्या) एफयूई पद्धतीत व्रण राहतच नाही, या इथे मांडल्या गेलेल्या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. एफयूटी या दुसऱ्या पद्धतीत डोक्याच्या मागच्या बाजूची त्वचेची पट्टी काढतात, त्यामुळे आडवी रेघ उरते. एफयूईमध्ये साधारण 0.8 ते 1 मिलिमीटर व्यासाच्या पंचने (गोल धारेच्या बारीक नळीने) केसांचा एकेक गुच्छ काढतात आणि त्या प्रत्येक जागी ठिपक्याएवढा व्रण राहतोच, फक्त तो केसांत सहसा दिसत नाही.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो मागच्या केसांच्या मर्यादित साठ्याचा प्रश्न. मागचे केस नव्या जागीही मूळ गुणधर्म टिकवतात, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी 1959 मध्ये मांडले आणि ही सारी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. परंतु काढलेला गुच्छ मूळ जागी पुन्हा उगवत नाही. म्हणून ज्याचे टक्कल कुठवर जाईल हे अजून स्पष्ट झालेले नाही, अशा विशीतल्या तरुणाला कपाळावर खाली उतरलेली दाट केशरेषा करून देणे मला अन्यायाचे वाटते, कारण पुढे तिच्यामागचे मूळ केस गळले की ती रेषा एकटी उरते आणि मधली जागा भरायला पुरेसे केस शिल्लक नसतात. (मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड ही केसगळतीवरची औषधे शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवायला डॉक्टर सांगतात, ते हे मूळ केस टिकावेत म्हणूनच.) लावलेले केस सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळतात, त्याने घाबरू नये, खरा परिणाम साधारण वर्षभराने दिसतो.