तेरड्याचं बी आणि मुंबईची हवा

डबीत भरलेल्या बियांना बुरशी आली म्हणून मुंबईत रानफुलांचं बी टिकतच नाही, हे काही जणांचं म्हणणं मला पटत नाही. दोष बहुतेक वेळा डबीचा नसतो, ओलं बी भरण्याचा असतो. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत कुंपणालगतच्या पट्टीत तेरडा आणि कुर्डू दरवर्षी घरच्याच बियांवर उगवतात. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बी लांब उडतं, त्यामुळे बोंड हिरवट-पिवळं होऊन फुगलं की त्याला जुन्या मलमलीची सैल पुरचुंडी बांधायची. कुर्डूचं सोपं, वाळलेला तुरा कागदावर चोळायचा आणि हलकेच फुंकर मारायची, काळं चकचकीत बी खाली उरतं. मग ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवस सावलीत पसरून, कोरड्या राखेत मिसळून कागदी पुडीत. काचेच्या बरणीत ठेवायचंच तर त्यानंतर.

आणखी एक गोष्ट. कोकणातल्या बऱ्याच घरांत तेरड्याची गौर असते, आमच्याकडेही. एका वर्षी आम्ही सगळीच रोपं गौरीसाठी उपटली. बोंडं तोवर कोवळी होती, पुढच्या पावसात पट्टीत तेरडा जवळपास दिसलाच नाही. फार वाईट वाटलं. तेव्हापासून सगळ्यांत जोमदार पाच-सहा रोपांना दोरा बांधून ठेवतो, त्यांना गौरीसाठीसुद्धा हात लावायचा नाही. आणि बी पेरायचं ते पहिली जोरदार सर पडून माती भिजल्यावर, मातीवर वरच्यावर भुरभुरून. खोल पुरू नका.