घरात मोबाईल बूस्टर लावणं बेकायदा का असावं?

चिरेबंदी: वाळपईच्या पलीकडे आमचं जुनं घर. चिऱ्याच्या जाड भिंती, मागे डोंगर. तुळशीपाशी रेंज मिळते, माजघरात फोन मुका. आई ७८ वर्षांची. रात्री १०८ लावायची वेळ आली तर भर पावसात अंगणात उभं राहायचं? छोटा बूस्टर, म्हणजे क्षीण रेंज वाढवून घरात आणणारा डबा (रिपीटरही म्हणतात), ऑनलाइन सहज मिळतो. पण दूरसंचार खात्याने जुलै २०२२ मध्ये बजावलंय की खासगी माणसाने तो बाळगणंही बेकायदा. अमेरिकेने २०१३ मध्ये नियम करून प्रमाणित बूस्टर कंपनीकडे नोंदवून वापरायला मुभा दिली. ब्रिटनमध्ये २०१८ पासून घरातले ठरावीक रिपीटर परवान्याविना चालतात. मग वायफाय राऊटर चालतो, हे का नाही?

टॉवरवाला: वायफायची फ्रिक्वेन्सी सगळ्यांना खुली आहे, मोबाईलची कंपन्यांनी लिलावात घेतलेली. ९०० च्या बँडमध्ये फोन ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर बोलतो, टॉवर ९३५ ते ९६० वर. बूस्टर दोन्ही वाढवतो, म्हणजे तुमच्या आवाजाबरोबर स्वतःची खरखरही टॉवरच्या कानात ओततो. मग लांबच्या वाड्यावरचा क्षीण फोन टॉवरला ऐकूच येत नाही. बाहेरचा आणि आतला अँटेना जवळ असले तर आणखी वाईट. देवळात भजनाला माईक स्पीकरसमोर आला की कुई होते ना, तेच. एकदा अशी खरखर शोधत तीन दिवस फिरलो. बूस्टर सापडला एका हॉटेलच्या छपरावर. तुमच्या आईचा १०८ लागावा म्हणून दुसऱ्याच्या आईचा तुटू द्यायचा का?

चिरेबंदी: ही कुई स्वस्तातल्या डब्यांची. अमेरिकेच्या नियमात तशी कुई झाली की यंत्राने आपोआप बंद व्हायचं, ही अटच आहे. तसा नियम इथे करा एवढंच म्हणतोय.

मांडवीपार: टॉवर येतो म्हटलं की गावात विरोध, मग रेंज नाही म्हणून ओरड. वायफाय कॉलिंग २०१९ च्या अखेरीपासून आहे, ते वापरा.

चिरेबंदी: बाब, पहिल्या पावसात वीज जाते, राऊटर त्याच्यासोबत. आणि टॉवरला मी कधीच विरोध केलेला नाही.

टॉवरवाला: रिपीटर कंपनीने स्वतः बसवला तर हरकत नाही, कारण गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, तीच बांधून देते. लेखी अर्ज करा. बाजारातला डबा मात्र आणू नका.

चिरेबंदी: तीनदा अर्ज केला. तिसऱ्याला उत्तर आलं, "आपल्या भागात कव्हरेज उपलब्ध आहे." तुळशीपाशी आहे, हे खरंच आहे.